कस्तुरीच्या रक्ताची साक्ष

"मी वेडी आहे, हे आधीच सांगून टाकते," खुर्चीत बसता बसता ती बाई म्हणाली. "नंतर दुसऱ्या कुणी सांगायला नको."

वीरण्णा बसरकोडांनी चहाचा कप खाली ठेवला. तेहतीस वर्षं हवालदारी करून निवृत्त झालेल्या या माणसानं तक्रारदारांच्या नाना सुरुवाती ऐकल्या होत्या. ही नवी होती.

समोर बसलेल्या रुद्रम्मा कडपट्टींच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. सरकारी औषध तपासणीच्या प्रयोगशाळेत अठ्ठावीस वर्षं काढलेल्या अक्कांनी निवृत्तीनंतर बागलकोटच्या नवनगरात खासगी तपासाचं ऑफिस थाटलं, त्यालाही आता पाच वर्षं होत आली होती.

"नाव सांगा," अक्का म्हणाल्या.

"कस्तुरी हळ्ळूर. गुळेदगुड्डची. खणाची नक्षी काढते मी. मी चौकटीच्या कागदावर काढते, मामांच्या मागांवर ती विणली जाते."

"आणि तक्रार?"

"माझ्या औषधात कुणीतरी हात घालतंय."

वीरण्णांनी खिडकीबाहेर पाहिलं. अशा बायका त्यांनी ठाण्यात पुष्कळ पाहिल्या होत्या. भाजीत विष, पाण्यात विष, शेजारीण भिंतीतून बघते. ऐकून घ्यायचं, चहा पाजायचा आणि नवऱ्याला निरोप धाडायचा.

कस्तुरीनं पिशवीतून एक जाड वही काढली. आत नक्षीच्याच कागदाच्या चौकटी होत्या. एका दिवसाला एक चौकट. काही लाल, काही निळ्या, काही हळदी पिवळ्या.

"लाल म्हणजे चढ," ती म्हणाली. "झोप नाही, भूक नाही, बोलणं थांबत नाही. निळा म्हणजे उतार. अंथरुणातून उठून केस विंचरणं म्हणजे डोंगर चढणं. पिवळा म्हणजे तुमच्यासारखा दिवस. कुणाकुणाला वर्षा-दोन वर्षांनी एखादा झोका बसतो. मला वर्षाला सहा-सहा बसायचे. एका डॉक्टरनं नुसती उदासीवरची गोळी दिली, तर झोका आणखी जोरात फिरायला लागला. मग इथल्या इनामदार डॉक्टरीणबाईंनी ती बंद करून लिथियम चालू केलं. दर पंधरा दिवसांनी रक्त तपासून, अर्धी-अर्धी गोळी वाढवत माप बसवलं. आठ महिने लागले. मग हे बघा."

तिनं पानं उलटली. पिवळं, पिवळं, पिवळं. चार वर्षं पिवळी.

"आणि गेल्या युगादीनंतर, पाडव्यानंतर, हे."

लाल. निळं. पुन्हा लाल. अकरा महिन्यांत पाच फेरे. भाद्रपदात मात्र पाच आठवड्यांचा एक पिवळा पट्टा मध्येच आला होता. अक्कांनी त्या पट्ट्यावरून बोट फिरवलं.

"रक्त काय म्हणतं?"

"तिथंच तर घोडं अडलंय. रक्तात लिथियम कमी निघतं. भाद्रपदात एकदाच बरोबर निघालं. डॉक्टरबाई म्हणतात, गोळ्या चुकतायत. मी म्हणते, एकही चुकली नाही. आता वेडीचं ऐकायचं की रक्ताचं?" ती हसली, पण डोळे हसले नाहीत. "दोनदा डोस वाढवला. पहिल्यांदा दिवाळीनंतर, दुसऱ्यांदा परवा सोमवारी."

"घरात कोण?"

"नवरा, महालिंग. हायस्कुलात मास्तर आहेत. नणंद शरणव्वा. आणि मुलगी अमूल्या, सात वर्षांची. ती..." कस्तुरी थांबली. "पौष महिन्यात मी तळ्याच्या काठावर उभी होते. किती वेळ, माहीत नाही. तेव्हापासून तिला इळकलला दिराकडे ठेवलंय. मास्तरांनी वकिलाकडून कागद करायला घेतलेत. वेगळं व्हायचे."

अक्कांनी वही मिटून तिच्याकडे परत दिली.

"शरीरात आणखी काही बदल?" अक्कांनी विचारलं. "कितीही क्षुल्लक असू दे."

"तहान. पण ती लिथियमनं पहिल्यापासूनच आहे. आणि..." तिनं मनगट पुढे केलं. "वर्षात दोनदा बांगड्या बदलल्या. घट्ट व्हायला लागल्या. कासारीण चेष्टा करते, 'मास्तरांचं प्रेम हातावर उतरलं वाटतं.' भाद्रपदात मात्र हातातून गळून पडत होत्या."

अक्कांनी तिच्याकडून चार गोळ्या मागून घेतल्या.

ती गेल्यावर वीरण्णा म्हणाले, "अक्का, सरळ आहे. नवऱ्याला सुटका हवी. गोळ्या बदलल्या, बायको बिघडली, कागद तयार."

"तुमचं काय असतं ना वीरण्णा, चोर सापडतो आधी आणि चोरी नंतर."

गोळ्यांचा निकाल मंगळवारी आला. अक्कांच्या जुन्या विद्यार्थ्यानं तपासल्या होत्या. चारही अस्सल, चारही पूर्ण ताकदीच्या. वीरण्णांचा चोर पळाला.

त्याच संध्याकाळी दोघं डॉ. इनामदारांकडे गेली. कस्तुरीनं परवानगीची चिठ्ठी दिली होती, म्हणून डॉक्टरीणबाई बोलल्या.

"मला ती खोटारडी वाटत नाही," त्या म्हणाल्या. "पण आकडा समोर असला की मी काय करू? डोस वाढवला."

"औषध चालू करताना घरच्यांना काय सांगितलंत?"

"सगळ्यांना सांगते तेच. गोळी स्वतःहून बंद करायची नाही. पाणी भरपूर. मिठाचं प्रमाण एकाएकी कमी-जास्त करायचं नाही. दुसऱ्या डॉक्टरची गोळी मला विचारल्याशिवाय नको. त्या दिवशी तर तासभर समजावलं होतं. का, कसं, सगळं."

"नवऱ्याला?"

"छे. नवरा निवडणुकीच्या कामावर होता. घरचं कुणी वडीलधारं माणूस होतं. चेहरा नाही आठवत, पण फार मन लावून ऐकलं. चौकटीच्या कागदावर एकेक ओळ उतरवून घेतली. असा नातेवाईक क्वचित मिळतो हो."

"कस्तुरी?"

"तिला त्या दिवशी स्वतःचं नावही धड सांगता येत नव्हतं."

बुधवारी सकाळी ते गुळेदगुड्डला पोचले तेव्हा गल्लोगल्ली मागांची ठकठक चालू होती.

महालिंग मास्तरांनी त्यांना बसा म्हटलं, पण मनापासून नाही. हडकुळा, दाढी वाढलेला माणूस. डोळ्यांखाली काळी वर्तुळं.

"गोळ्या माझ्या कपाटात असतात. मी हातावर ठेवतो. ती गिळते आणि तोंड उघडून दाखवते." हे सांगताना त्यांची मान खाली गेली. "बायकोचं तोंड तपासायची पाळी माझ्यावर आली, सर. आणि तरी रक्तात काही नाही. मागे जाऊन ओकत असणार, दुसरं काय?"

"ओकत नाही ती," स्वयंपाकघराच्या दारातून शरणव्वा म्हणाली. पन्नाशीची, नाकात मोठी मुगुती घातलेली बाई. "मी तिच्याच खोलीत निजते. सावलीसारखी मागे असते. आम्ही सगळे एकाच भांड्यातलं जेवतो, एकाच घागरीतलं पितो. ह्या घरात कुणी तिचं वाईट केलं असेल तर माझी जीभ झडो. दुपारची तेवढी मामाकडे असते, कामाला."

"ताई, तुम्ही तिला कसला काढा, चूर्ण देता?" वीरण्णांनी विचारलं.

"देत होते, जिऱ्याचा. डॉक्टरनं नको म्हटलं, त्याला तीन वर्षं झाली."

वीरण्णांनी आपल्या वहीत शरणव्वाच्या नावापुढे फुली मारली आणि मग कशासाठी मारली ते न कळून खोडली.

कस्तुरीचे मामा गुरुसिद्दप्पा यांचा मागांचा कारखाना दोन गल्ल्या पलीकडे होता. लांबट दालनात जमिनीतल्या खड्ड्यांत पाय सोडून सात विणकर बसलेले. मामा सत्तरीचे, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, बोलणं साखरेसारखं. आई-बाप लहानपणी गेलेल्या कस्तुरीला त्यांनीच वाढवलं, त्यांनीच तिच्या हातात पेन्सिल दिली.

"या या. बसा. पोरीसाठी आलात, देव भलं करो."

भिंतीवर नव्या खणांचे नमुने टांगले होते. वीरण्णांना विणकामातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण तेही पाहत राहिले. एका काठावर आवळ्याची पानं वाऱ्यानं उलटल्यासारखी अर्धी हिरवी, अर्धी रुपेरी होती. दुसऱ्यावर पाण्यात पडलेलं देवळाचं शिखर हलत होतं. प्रत्येकाखाली तारीख.

"एकतीस," अक्का म्हणाल्या. "सगळे गेल्या वर्षातले. आधीच्या चार वर्षांतला एकही नाही?"

"तेव्हा तिचा हात चालत नव्हता," मामा म्हणाले. "जुनेच नमुने फिरवून द्यायची. उद्या बेंगळुरूला प्रदर्शन आहे, दहा दिवस. हे बघितल्यावर लोक म्हणतील, गुळेदगुड्ड अजून मेलेलं नाही."

ऊन चढलं होतं. दाराशी विणकरांसाठी ताकाचं मडकं होतं, पण वीरण्णांना कोनाड्यात झाकून ठेवलेला लिंबाच्या शरबताचा उंच पेला दिसला. त्यांनी तो उचलून निम्मा घशात ओतला.

"अहो, ते कस्तुरीचं आहे!" मामा ओरडले. सातही माग थांबले. मामांनी लगेच आवाज उतरवला. "म्हणजे... तिला ताक सोसत नाही, म्हणून मी हातानं करून ठेवतो. तुम्हाला दुसरं देतो ना."

वीरण्णा ओशाळून काहीतरी बोलायला गेले आणि त्याऐवजी एक दणदणीत ढेकर बाहेर पडला. विणकर हसले. त्यामागोमाग दुसरा आला, मग तिसरा.

अक्कांनी पेला त्यांच्या हातातून घेतला. "मामा, कस्तुरीच्या औषधाचं तुम्हाला काय वाटतं?"

"मला विणकराला त्यातलं काय कळतंय, ताई? मी तिच्याबरोबर दवाखान्याची पायरी कधी चढलो नाही. ते मास्तर बघतात. मी माझ्या दुखण्यांनी बेजार. पित्त एवढं, की घरात वर्षानुवर्षं तळण नाही, भजं नाही. भाद्रपदात डोळ्याचं ऑपरेशन झालं, पाच आठवडे हुबळीला लेकाकडे पडून होतो."

"तोवर कारखाना?"

"चालू होता की. कस्तुरीही रोज येत होती."

अक्का हात धुवायच्या निमित्तानं कारखान्याला लागूनच असलेल्या मामांच्या घरात, चुलीपाशी गेल्या. फळीवर खायच्या सोड्याची चार पाकिटं होती, एक फोडलेलं. त्यांनी उरलेलं शरबत आपल्या पाण्याच्या बाटलीत ओतून घेतलं.

बाहेर आल्यावर वीरण्णा म्हणाले, "अक्का, कोरडा पडलोय मी. शरबत पिऊनसुद्धा घसा सुकलाय."

अक्का जागीच थांबल्या. मग फोन काढून त्यांनी डॉ. इनामदारांचा नंबर लावला. बोलून झाल्यावर त्या वीरण्णांकडे वळल्या.

"मास्तरांना बोलवा. शरणव्वांना, कस्तुरीला. सगळ्यांना इथंच. मामा उद्या बेंगळुरूला जायच्या आत."

चार वाजता माग थांबले. विणकर घरी गेले. सगळे चटईवर बसले आणि अक्कांनी फोन मधोमध ठेवला. त्यातून डॉक्टरीणबाई ऐकत होत्या.

"दोन साक्षी होत्या," अक्का म्हणाल्या. "कस्तुरी म्हणते, मी रोज गोळी घेते. रक्त म्हणतं, गोळी नाही. सगळे धरून चालले की एक साक्ष खोटी आहे, आणि कुणाची ते ठरवायला कुणाला वेळ लागला नाही. मी म्हटलं, दोन्ही खऱ्या असतील तर? गोळ्या अस्सल आहेत. मास्तर गिळलेली बघतात. शरणव्वा सांगतात, ओकत नाही. म्हणजे औषध पोटात जातंच आहे. मग ते रक्तात कमी का? कारण ते टिकत नाही. वेळेआधी बाहेर पडतंय."

"बाहेर कसं पडेल?" मास्तरांनी विचारलं.

"लिथियम हा एक क्षार आहे, मिठाचा चुलतभाऊच म्हणा. आपल्या मूत्रपिंडाला दोघांतला फरक नीट कळत नाही. मीठ भरमसाट झालं, की ते मीठ बाहेर ढकलताना हे औषधही ढकलतं. कस्तुरीच्या बांगड्या घट्ट होत होत्या. मीठ जास्त झालं की अंगात पाणी साचतं. पण घरी सगळे एकाच भांड्यातलं जेवतात आणि सुजतं तेवढी हीच. म्हणजे मीठ घरचं नाही."

शरणव्वानं सुस्कारा सोडला.

"आता भाद्रपद. घर तेच, गोळी तीच, कस्तुरी कामालाही इथंच येत होती. तरी पाच आठवडे पिवळे गेले, बांगड्या सैल झाल्या, रक्त बरोबर आलं. त्या पाच आठवड्यांत इथं काय नव्हतं?"

वीरण्णांना उत्तर आलं आणि त्यांनी पहिल्यांदाच ते तोंडाबाहेर काढलं नाही. ते मामांकडे बघत होते.

"मामा नव्हते," कस्तुरी हळूच म्हणाली. "आणि मामांच्या हातचं शरबत."

"वीरण्णांनी ते प्यायलं. तीन ढेकर आले आणि घसा कोरडा पडला. लिंबात खायचा सोडा टाकला की असा वायू होतो. सोड्याच्या पोटातही तोच क्षार असतो जो मिठात असतो, आणि लिंबाच्या आंबटात मीठ आणि सोडा दोन्ही लपतात. ज्या घरात वर्षानुवर्षं भजं नाही, तिथं सोड्याची चार पाकिटं आहेत. बाटलीतलं शरबत मी तपासायला पाठवणार आहे."

"पोरीच्या पोटासाठी घालत होतो," मामा म्हणाले. "मला काय माहीत औषधाचं?"

"डॉक्टर, पहिल्या दिवशी त्या वडीलधाऱ्या माणसानं कशावर लिहून घेतलं होतं?"

"चौकटीच्या कागदावर," फोनमधून आवाज आला.

"असा कागद शाळामास्तरच्या खिशात नसतो, नक्षीवाल्याच्या असतो. मास्तर तेव्हा निवडणुकीच्या कामावर. आई-बाप नाहीत. मग मामा, तुम्ही दवाखान्याची पायरी कधी चढला नाहीत, तर तिथं कोण गेलं होतं?"

मामांनी भिंतीवरच्या नमुन्यांकडे पाहिलं. बाहेरून कुठल्यातरी घरच्या मागाचा आवाज येत होता.

"भिंतीवरच्या तारखा मी मघाशी कस्तुरीच्या वहीशी ताडून पाहिल्या. एकतीसच्या एकतीस लाल चौकटींतल्या."

म्हातारा एकदम कोसळल्यासारखा बोलायला लागला. "चार वर्षं एक नवी रेघ नाही काढली हिनं. मी विचारायचो, पोरी, काही दिसतंय का? म्हणायची, नाही मामा, बरं वाटतंय. बरं वाटतंय! माझ्या बापाच्या वेळी ह्या गल्लीत दोनशे माग होते. मला वाटलं, एकदाच. एकदाच चढ यावा, पाच-दहा नमुने व्हावेत, मग बंद करीन. आणि ते आले, तुम्ही बघितलेत ना? मग हात आवरला नाही."

"चढामागून उतार येतो, हे नव्हतं लिहून घेतलंत?" मास्तरांचा आवाज फाटला. "तळ्यावरून मी तिला आणली. मी!"

"आणखी एक तुम्ही लिहून घेतलं नव्हतंत, मामा," अक्का म्हणाल्या. "तुमच्या शरबतामुळे डोस दोनदा वाढलाय. उद्या तुम्ही जाणार, शरबत बंद होणार, आणि तो वाढलेला डोस अंगात साचत जाणार. डॉक्टर, दहा दिवसांत काय झालं असतं?"

"हात कापले असते, जीभ जड झाली असती, तोल गेला असता. मग मूत्रपिंड. मग शुद्ध. कदाचित परत न येण्याइतकी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कस्तुरी, मनानं काही बंद करू नकोस, काही वाढवू नकोस. आजची गोळी थांबव, आत्ता मास्तरांबरोबर निघ आणि माझ्याकडे ये. रक्त बघून पुन्हा माप बसवू. अमुक दिवसांत जमेल असं सांगत नाही, पण एकदा बसलं होतं, पुन्हा बसेल."

मामांच्या तोंडावरचा रंग उतरला होता. हे त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. त्यांनी हात जोडले आणि ते कुणापुढे धरावेत हे न कळून तसेच हवेत राहू दिले.

कस्तुरी त्यांच्यासमोर जाऊन बसली.

"मामा, त्या चार वर्षांत मी काही केलं नाही म्हणता. अमूल्याची वेणी घालत होते. तिला शाळेत सोडत होते. रात्री झोपत होते आणि सकाळी उठत होते. तुम्हाला ते भिंतीवर टांगता आलं नाही, एवढंच."

म्हातारा रडायला लागला. शरणव्वानं पदर डोळ्यांना लावला.

मग मास्तर म्हणाले, "म्हातारा माणूस आहे. घरातलं घरात मिटवू. लोकांत कशाला?"

"नको," कस्तुरी म्हणाली. "घरातलं घरातच होतं, म्हणून अकरा महिने मी खोटी ठरले. वीरण्णा, तुम्हाला जबाब लिहिता येतो ना? घ्या लिहून. पोलिसांत द्यायचा की नाही, ते मी डोकं जागेवर आल्यावर ठरवीन. पण लिहून आजच पाहिजे."

वीरण्णांनी वही उघडली. ठाण्यात शेकडो जबाब लिहिले होते त्यांनी. अशा बायकांचे मात्र दोन ओळींत गुंडाळले होते, आणि खाली 'मनस्थिती ठीक नाही' असा शेरा मारला होता. आज त्यांनी एक शब्दही गाळला नाही. ती अडखळली तिथं थांबले. "भाद्रपद वद्य की शुद्ध?" असं विचारून घेतलं. चार पानं झाली.

तिनं सही केली. मग कागद मास्तरांपुढे सरकवला.

"साक्षीदार म्हणून," ती म्हणाली.

मास्तरांनी कागद उचलला. त्यांनी चारही पानं वाचली, तिसरं पान दोनदा. मग पेन मागितलं आणि सही केली.

मामा बेंगळुरूला गेले नाहीत. नमुने मात्र गेले. कस्तुरीनंच पाठवले, प्रत्येकाखाली स्वतःचं नाव लिहून, कारण ते तिनं काढले होते आणि त्यांची किंमत तिनंच मोजली होती. माप बसायला चैत्र उजाडला. मध्ये एक निळा आठवडा आला, तो मास्तरांनी रजा टाकून घरी काढला. वकिलाकडचे कागद त्यांनी परत आणले आणि बंबात घातले.

वैशाखात इळकलहून एस.टी.नं अमूल्या आली. उतरल्याबरोबर तिनं आईच्या तोंडाकडे निरखून पाहिलं, लहान मुलं आभाळाकडे बघतात तसं. मग म्हणाली, "अव्वा, माझी वेणी सुटलीय."

कस्तुरी तिथंच, स्टँडच्या बाकावर बसली आणि तिचे केस सोडवायला लागली.